आकाशातली पांढरी रेघ आणि तिच्या टोकाचं विमान: ओळखायचं कसं?

नभोवाचक

कॉन्ट्रेलविषयीचे (विमानामागे उमटणाऱ्या पांढऱ्या रेघेविषयीचे) प्रश्न बऱ्याच धाग्यांत विखुरले आहेत, ते एका जागी यावेत म्हणून हा धागा. वर रेघ दिसतेय, तिच्या टोकाला चमकता ठिपका आहे किंवा तोही नाही. ते विमान कुठलं, एवढाच विषय.

नुसत्या रेघेवरून विमानाचं नाव कळत नाही. रेघेवरून कळतं ते असं: इंजिनं साधारण किती, पंख आखूड की लांब, विमान कुठल्या उंचीच्या पट्ट्यात आहे आणि कुठे चाललंय. नाव कळतं घड्याळावरून. प्रवासी जेट सेकंदाला सुमारे २५० मीटर जातं, म्हणजे मिनिटाला १५ किलोमीटर. ‘साडेसहाच्या सुमारास’ अशी नोंद असेल तर पाच मिनिटांच्या फरकात विमान ७५ किलोमीटर सरकलेलं असतं, आणि गजबजलेल्या हवाईमार्गावर तेवढ्या पट्ट्यात तीन-चार विमानं सहज सापडतात. मग आपल्याला हवं ते निवडलं जातं, खरं ते राहून जातं.

म्हणून रेघ दिसली की आधी वेळ टिपा, सेकंदासकट. मग दिशा, मग क्षितिजापासूनचा कोन, मग फोटो. दुर्बीण शेवटी. बहुतेक जण नेमकं उलटं करतात: दुर्बीण शोधण्यात अर्धं मिनिट जातं आणि वेळ अंदाजाने लिहिली जाते. नोंद यूटीसीमध्येच (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवा. विमानांच्या नोंदी यूटीसीमध्ये असतात आणि मध्यरात्रीच्या आसपास तारीख बदलली की स्थानिक वेळेचा हिशेब हमखास चुकतो.

दहापन्नास

इंजिनं मोजण्याबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

इंजिनं मोजायची ती विमानाच्या अगदी मागे, विमानाच्या दोन-चार लांबींच्या आत. त्यापुढच्या रेघा इंजिनांच्या उरत नाहीत, पंखांच्या भोवऱ्यांच्या होतात. पंखाच्या टोकांशी निघणारे दोन भोवरे धूर आणि बर्फकण स्वतःभोवती गुंडाळून घेतात, त्यामुळे इंजिनं दोन असोत वा चार, थोड्या वेळाने रेघा दोनच दिसतात. चार इंजिनांच्या विमानात डावीकडच्या दोन रेघा एकमेकींत मिसळतात, उजवीकडच्या दोन तशाच.

आता अंतरं. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ च्या दोन इंजिनांत १० ते १२ मीटर अंतर असतं, ७७७ मध्ये सुमारे १९ मीटर. ७४७ च्या बाहेरच्या दोन इंजिनांत सुमारे ४२ मीटर, ए३८० मध्ये ५१ च्या आसपास. विमान ११ किलोमीटर उंचीवर बरोबर डोक्यावर असेल तर १२ मीटर म्हणजे साधारण पावणेचार कलामिनिटं (एका अंशाचे ६० भाग केले तर त्यातला एक म्हणजे कलामिनिट) आणि १९ मीटर म्हणजे सहा. चांगली नजर एक-दोन कलामिनिटं वेगळी काढते. म्हणजे डोक्यावरच्या ७७७ च्या दोन रेघा नुसत्या डोळ्यांनाही सुट्या दिसायला हव्यात, ए३२० च्या जेमतेम दिसतील. हेच विमान क्षितिजापासून ३० अंशांवर असेल तर अंतर २२ किलोमीटर होतं आणि कोन निम्मा. तिथे ‘एकच रेघ दिसली म्हणून एकच इंजिन’ असं म्हणण्यात काही अर्थ नाही.

शेपटीजवळ इंजिनं असलेली छोटी जेट, म्हणजे सीआरजे किंवा गल्फस्ट्रीमसारखी बिझनेस जेट, दुर्बिणीतूनही एकच रेघ काढताना दिसतात, कारण दोन्ही इंजिनं धडाला चिकटून असतात. तीन सुट्या रेघा दिसल्या तर उमेदवार फार थोडे उरतात: एमडी-११, डीसी-१०, किंवा फाल्कन ७एक्स, ८एक्स, ९०० यांच्यासारखी तीन इंजिनांची बिझनेस जेट. फाल्कनच्या तिन्ही रेघा लगेच एक होतात, एमडी-११ ची मधली रेघ बराच वेळ वेगळी राहते. बी-५२ या अमेरिकी बॉम्बरमध्ये आठ इंजिनं असली तरी ती चार जोड्यांत बसवलेली असल्यामुळे दिसतात चार जाड रेघा.

दुर्बीण १०×५० पुरे. त्याहून जास्त वर्धनाची हातात स्थिर राहत नाही. सूर्याच्या आसपास दुर्बीण फिरवू नका. रेघ सूर्याजवळ असेल तर इमारतीच्या कडेआड सूर्य पूर्ण झाकला जाईल अशी जागा घ्या किंवा ती रेघ सोडून द्या.

मृगजळ

चांगला धागा. दोन शंका. रेघ विमानापासून थोडं अंतर सोडून का सुरू होते? आणि कधीकधी विमानाच्या मागे इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात, ते कशाचे?

ढगवेडा

पहिल्या शंकेचं उत्तर: इंजिनातून निघणारा झोत गरम असतो. एक किलो केरोसीन जळलं की सुमारे सव्वा किलो पाण्याची वाफ तयार होते. ही वाफ बाहेरच्या अतिथंड हवेत मिसळून निवायला थोडं अंतर जावं लागतं, मग काजळीच्या कणांवर थेंब धरतात आणि लगेच गोठतात. ते अंतर दुर्बिणीत फट म्हणून दिसतं. हवा जेमतेम पुरेशी थंड असेल तर फट मोठी, खूप थंड असेल तर लहान. याचा उलटा उपयोगही करता येतो: फट ठळक दिसली तर विमान कॉन्ट्रेल तयार होण्याच्या सीमेवरून उडतंय असं समजायला हरकत नाही.

दुसरी शंका: रंग दिसतात ती इंजिनाची रेघ नव्हेच. पंखावरून जाणाऱ्या हवेचा दाब क्षणभर उतरतो, हवा थंड होते आणि तिच्यातलीच वाफ गोठते. तिला वातगतिक कॉन्ट्रेल म्हणतात. ती पंखाच्या मागच्या कडेपासूनच सुरू होते, फट नसते, रुंदी जवळपास पंखाएवढी असते. कण सगळे सारख्या आकाराचे वाढत जातात म्हणून प्रकाश रंगांत फुटतो. इंजिनाच्या रेघेला लागतं तेवढं कमी तापमान हिला लागत नाही, दमट हवा लागते. त्यामुळे अशा चादरीवरून इंजिनं मोजायला जाऊ नका, पण पंखांची लांबी मोजायला तिच्यासारखी सोय नाही.

रेघ होणार की नाही हे ठरतं श्मिट-ॲपलमन निकषावर. एर्न्स्ट श्मिट यांनी तो १९४१ मध्ये मांडला आणि हर्बर्ट ॲपलमन यांनी १९५३ मध्ये वैमानिकांना वापरता येईल असे आलेख दिले. ढोबळ आकडे असे धरा: २५० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीवर, म्हणजे सुमारे साडेदहा किलोमीटरवर, हवा अगदी कोरडी असेल तर उणे ५० च्या आसपास तापमान लागतं, दमट असेल तर उणे ४२ च्या आसपासही भागतं.

यातून उंचीचा अंदाज निघतो. उष्ण कटिबंधात २५० हेक्टोपास्कलला हवा जेमतेम उणे ४० ते ४२ असते आणि २०० हेक्टोपास्कलला, म्हणजे बारा-साडेबारा किलोमीटरवर, उणे ५३ च्या आसपास. तिथे ठसठशीत रेघ दिसली तर विमान बहुधा ३५ हजार फुटांच्या वर आहे. समशीतोष्ण पट्ट्यात हिवाळ्यात हेच आठ किलोमीटरवर होऊ शकतं. त्यामुळे ‘रेघ म्हणजे ३५ हजार फूट’ हे सरसकट सूत्र वापरू नका. त्या दिवसाचं वरच्या हवेचं तापमान बघा. हवामान फुग्यांची मोजणी दिवसातून दोनदा, ०० आणि १२ यूटीसीला होते, आणि ती सगळ्यांना खुली असते.

त्रिज्या

ढगवेडा, रेघ किती वेळ टिकते याबद्दलही लिहा. लोक आखूड रेघ म्हणजे छोटं विमान समजतात.

ढगवेडा

बरोबर, हा गैरसमज फार आहे. रेघेची लांबी विमानावर नाही, हवेवर ठरते. आजूबाजूची हवा बर्फाच्या दृष्टीने अतिसंपृक्त असेल, म्हणजे बर्फ धरायला लागते त्याहून जास्त वाफ तिच्यात असेल, तर रेघ तासन्‌तास टिकते आणि पसरून सिरस ढगासारखी (खूप उंचावरच्या पातळ, तंतूंसारख्या ढगासारखी) होते. हवा कोरडी असेल तर काही सेकंदांत विरते. फुग्याच्या नोंदीत आर्द्रता पाण्याच्या सापेक्ष दिलेली असते, आपल्याला हवी बर्फाच्या सापेक्ष. उणे ४० ला पाण्याच्या सापेक्ष ६८ टक्के आर्द्रता म्हणजेच बर्फाच्या सापेक्ष १०० टक्के. उणे ५० ला सुमारे ६२ टक्केच पुरतात. हा फरक न धरल्यामुळे ‘आर्द्रता फक्त ६५ टक्के आणि तरी रेघ टिकली कशी’ असे प्रश्न पडतात.

हे अतिसंपृक्त थर बरेचदा काही शे मीटरच जाड असतात. म्हणून एकाच वेळी जाणाऱ्या दोन विमानांपैकी एक लांबलचक रेघ काढतं आणि हजार फूट खालचं काहीच काढत नाही. दोन्ही विमानं एकाच पातळीवर असूनही फरक पडू शकतो, कारण कार्यक्षम इंजिनाचा झोत त्याच प्रमाणात वाफ सोडूनही कमी गरम असतो आणि थोड्या उबदार हवेतही रेघ काढतो. जर्मनीच्या डीएलआर संस्थेचे उलरिश शुमान यांनी २००० साली छापलेल्या प्रयोगात ए३४० आणि जुनं ७०७ शेजारी-शेजारी उडवले होते. ए३४० च्या मागे रेघ होती, ७०७ च्या मागे नव्हती. म्हणजे रेघ नाही हाही एक पुरावा आहे, नोंदीत तो लिहाच.

आणखी एक. रेघ दहा मिनिटांहून जास्त टिकली तर जागतिक हवामान संघटनेच्या २०१७ च्या ढगकोशात तिला स्वतंत्र नाव आहे: सिरस होमोजेनिटस.

त्रिज्या

आता कोनांचं गणित. उपकरण नसेल तर हात पूर्ण ताणून धरा: करंगळीची रुंदी सुमारे १ अंश, मधली तीन बोटं ५ अंश, मूठ १० अंश. क्षितिजापासून मुठी रचत वर जा. फोनमधलं कोनमापक चांगलं असेल तर दोन-तीन अंशांची चूक राहते, मुठीने चार-पाच अंशांची.

जमिनीवरचं अंतर = उंची भागिले कोनाचा टॅन्जेंट. उंची ११ किलोमीटर धरली तर ४५ अंशांवरचं विमान ११ किलोमीटर दूर, ३० अंशांवरचं १९, २० अंशांवरचं ३०, १० अंशांवरचं साधारण ६०. दहा अंशांच्या खाली पृथ्वीची वक्रता धरावीच लागते. ११ किलोमीटर उंचीवरचं विमान तत्त्वतः ३७० किलोमीटरवरूनही क्षितिजावर दिसू शकतं.

चूक कुठे महाग पडते ते बघा. समजा कोन ३५ ऐवजी ३० मोजला: अंतर १५.७ ऐवजी १९ किलोमीटर आलं, चूक सव्वातीन किलोमीटर. तीच पाच अंशांची चूक १५ आणि १० अंशांमध्ये झाली तर ४१ चे ६० होतात. म्हणून रेघ क्षितिजाजवळ असेल तर तिथून मोजू नका. ती सगळ्यात उंच चढेल तेव्हाची वेळ आणि कोन टिपा.

वेगाची पडताळणी: ११ किलोमीटर उंचीवर २५० मीटर प्रतिसेकंद जाणारं विमान डोक्यावर असताना सेकंदाला १.३ अंश सरकतं, म्हणजे एक मूठ पार करायला साडेसात-आठ सेकंद. चार सेकंदांतच मूठ पार झाली तर विमान खूप खाली आहे किंवा खरंच वेगवान आहे. खाली असेल तर आकारही मोठा दिसायला हवा. ही दोन्ही मापं एकत्र बसवल्याशिवाय ‘प्रचंड वेगात गेलं’ असं लिहू नका.

आवाजानेही अंदाज घेता येतो. तेवढ्या उंचीवरून आवाज यायला ३४-३५ सेकंद लागतात आणि तोवर विमान पावणेनऊ किलोमीटर पुढे जातं. आवाज डोक्यावरून येतोय असं वाटतं तेव्हा विमान त्याच्या जवळजवळ चार मुठी पुढे असतं. हे अंतर दीड-दोन मुठींचंच असेल तर विमान संथ आहे. उंची कितीही असली तरी हा कोन वेगावरच ठरतो, म्हणून ही युक्ती मला फार आवडते.

वाराफिरे

त्रिज्या, २५० मीटर हा हवेच्या सापेक्ष वेग झाला. जेट प्रवाहात (उंचावरच्या वेगवान वाऱ्याच्या पट्ट्यात) ५० मीटर प्रतिसेकंद वारा पाठीमागून असेल तर जमिनीच्या सापेक्ष ३००, समोरून असेल तर २००. मूठ पार करायला अनुक्रमे साडेसहा आणि साडेनऊ सेकंद. तेव्हा सात-आठ सेकंद नाही जुळले म्हणून विमान संशयास्पद ठरवू नये.

त्रिज्या

मान्य. वाऱ्यासकट सहा ते दहा सेकंद हा पट्टा धरा.

एकहजारनव्वद

कोन आणि वेळ हातात आली की एडीएस-बीकडे, म्हणजे विमानं रेडिओवरून स्वतःची जागा सांगतात त्या पद्धतीकडे, वळा. बहुतेक विमानं १०९० मेगाहर्ट्‌झवर आपली जागा सेकंदाला साधारण दोनदा सांगतात, सोबत उंची, वेग आणि २४ बिटांचा स्वतःचा पत्ता. तो पत्ता सहा अक्षरांत दिसतो आणि नोंदीत तोच लिहावा. उड्डाण क्रमांक दररोज वेगळ्या विमानाला लागतो, पत्ता त्या एका विमानाचा असतो.

स्वतःचा रिसीव्हर लावायचा तर यूएसबीचा आरटीएल-एसडीआर (संगणकाला लावायचा छोटा रेडिओ डोंगल), डम्प१०९० किंवा रीडएसबी हे सॉफ्टवेअर आणि एक अँटेना, एवढंच लागतं. पाव तरंगलांबीची अँटेना म्हणजे ६.९ सेंटीमीटरची उभी तार, तिच्या बुडाशी तेवढ्याच लांबीच्या चार तारा ४५ अंश खाली वाकवून. तार एक सेंटीमीटरने चुकली तरी पल्ला घटू शकतो. आरजी-५८ केबल या वारंवारितेवर मीटरमागे अर्धा डेसिबलहून जास्त खाते, म्हणून केबल दोन-तीन मीटरच ठेवा आणि डोंगल अँटेनाजवळ नेऊन पुढे यूएसबी वाढवा. अँटेना खिडकीच्या आत ठेवली तर भिंतीच्या बाजूची अर्धी दिशा गेलीच. उंच जागेवरून, क्षितिज मोकळं असेल तर, ३०० किलोमीटरच्या पुढची विमानं ऐकू येतात.

संकेतस्थळांवरून बघत असाल तर तीन ठिकाणी फसगत होते.

एक, नकाशावरचं विमान काही सेकंद मागे असतं. दहा सेकंदांचा उशीर म्हणजे अडीच किलोमीटर. म्हणून चालू नकाशावर न जुळवता नंतर जुनी नोंद फिरवून बघा. तिथे वेळ खरी असते.

दोन, ग्रहणाच्या कक्षेबाहेर गेलेल्या विमानाची जागा काही संकेतस्थळं अंदाजाने पुढे सरकवत राहतात. समुद्रावर किंवा निर्जन भागात सरळ, एकसारख्या वेगाने जाणारं चिन्ह दिसलं तर ती जागा मोजलेली की अंदाजाची हे आधी तपासा.

तीन, उंची. दाखवलेली उंची १०१३.२५ हेक्टोपास्कल धरून काढलेली दाब-उंची असते. उष्ण हवेत खरी उंची तिच्याहून हजार-दोन हजार फूट जास्त असू शकते. त्रिज्यांच्या सूत्रात खरी उंची घाला. बऱ्याच विमानांच्या संदेशात उपग्रहावरून मोजलेल्या उंचीचा फरकही येतो, तो मिळत असेल तर वापरा.

एखादं विमान एका संकेतस्थळावर दिसत नाही म्हणजे ते गुप्त आहे असं नाही. मालकाच्या विनंतीवरून काही जागी खासगी विमानं लपवलेली असतात. एडीएस-बी एक्स्चेंज तशी गाळणी लावत नाही. ज्या विमानात एडीएस-बी नाही, फक्त मोड-एस ट्रान्सपाँडर (रडारला उत्तर देणारा विमानातला रेडिओ) आहे, ते स्वतःची जागा सांगत नाही. एकच संदेश किमान चार रिसीव्हरना किती फरकाने पोहोचला त्यावरून त्याची जागा काढावी लागते. रिसीव्हर विरळ असले तर ते विमान नकाशावर येतच नाही, पण आपल्या रिसीव्हरच्या यादीत पत्ता आणि उंची दिसते. म्हणून नकाशाबरोबर यादीही बघायची सवय ठेवा.

कॅमेराधारी

फोटोचं थोडक्यात. ११ किलोमीटरवरचं ७७७, म्हणजे पंखांची लांबी ६४.८ मीटर, ३०० मिलिमीटर लेन्सने सेन्सरवर पावणेदोन मिलिमीटर पडतं. चार मायक्रॉनचे पिक्सेल असतील तर ४४० पिक्सेल. ए३२० सुमारे २४० पिक्सेल. एवढ्यात इंजिनांची संख्या, पंखांचा मागे झुकलेला कोन आणि शेपटीचा आकार कळतो. कंपनीचा रंग बरेचदा पोटावरून कळत नाही.

शटर १/१००० किंवा त्याहून जलद, ॲपर्चर एफ/८, फोकस मॅन्युअल. ऑटोफोकस निळ्या आकाशात पुढे-मागे धावत राहतो. दूरच्या इमारतीवर किंवा चंद्रावर फोकस करून रिंगला चिकटपट्टी लावा. आकाश उजळ म्हणून कॅमेरा विमानाचं पोट काळं करतो, दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवून घ्या. रेघेचा तपशील हवा असेल तर उलट थोडं कमी करा, नाहीतर पांढरा भाग भाजून जातो. दोन्ही हवं असेल तर रॉ फाइल.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कॅमेऱ्याचं घड्याळ. ते आठवड्याला काही सेकंद सरकतं आणि कुणी तपासत नाही. त्या दिवशी फोनच्या घड्याळाचा, सेकंद दिसतील असा, एक फोटो त्याच कॅमेऱ्याने काढून ठेवा. फरक नंतर वजा करता येतो. आणि एक फोटो रुंद लेन्सने, खाली ओळखीचं काहीतरी चौकटीत येईल असा. त्यावरून दिशा आणि कोन पुन्हा मोजता येतात. नुसत्या निळ्या आकाशातला जवळचा फोटो कितीही सुरेख असला तरी त्यातून जागा निघत नाही.

मृगजळ

दोरीत ओवलेल्या कड्यांसारखी रेघ म्हणजे गुप्त विमान, असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. त्यात तथ्य किती?

नभोवाचक

तो मुद्दा मार्च १९९२ पासून चालत आलाय. अमेरिकेत टेक्सासमधल्या अमरिलोजवळ अशा रेघेचा फोटो निघाला आणि तो ‘ऑरोरा’ नावाच्या कथित अतिवेगवान विमानाशी जोडला गेला. ठरावीक अंतराने धमाके करत चालणारं इंजिन अशी कडी सोडतं, असा तर्क होता. असं विमान असल्याचं अमेरिकेने कधीच मान्य केलं नाही.

कडी मात्र रोज दिसतात, साध्या प्रवासी विमानांच्या मागे. पंखांचे दोन भोवरे समांतर राहत नाहीत. ते नागमोडी होतात, जवळ येतात, एकमेकांना चिकटतात आणि कड्यांच्या माळेत तुटतात. एस. सी. क्रो यांनी १९७० मध्ये याचं गणित मांडलं, म्हणून याला क्रो अस्थैर्य म्हणतात. विमान गेल्यावर मिनिट-दोन मिनिटांत हे घडतं, म्हणजे विमानाच्या मागे १५ ते ३० किलोमीटरवर. कडी बघणाऱ्याला विमान दिसतच नाही, आणि गूढ वाटायला तेवढं पुरतं.

त्रिज्या

याच कड्यांवरून पंख मोजता येतात. भोवऱ्यांमधलं अंतर पंखांच्या लांबीच्या सुमारे ०.७८५ पट, आणि नागमोडीची एक लाट त्या अंतराच्या ८.६ पट. गुणाकार पावणेसात. म्हणजे दोन कड्यांमधलं अंतर भागिले पावणेसात = पंखांची लांबी. ३५.८ मीटरच्या ए३२० साठी कडी सुमारे २४० मीटरवर येतील, ६४.८ मीटरच्या ७७७ साठी ४३७ मीटरवर. डोक्यावर, ११ किलोमीटरला, हे अनुक्रमे सव्वा आणि सव्वादोन अंश. करंगळी आडवी धरून सहज सांगता येईल इतका फरक आहे हा.

वाराफिरे

सूत्र वापरा, पण एका लाटेवर विसंबू नका. हवेतली खळबळ लाटांची लांबी मागे-पुढे करते. दहा कडी मोजून सरासरी काढली तरी विमान अरुंद आहे की रुंद, एवढंच खात्रीने सांगता येतं. त्यावरून ७८७ आणि ए३५० वेगळे काढायला जाऊ नका. त्यांच्या पंखांत साडेचार मीटरचाच फरक आहे. शिवाय भोवरे बनता-बनता काही शे मीटर खाली उतरतात. जुन्या रेघेची उंची म्हणजे विमानाची उंची नव्हे.

दहापन्नास

अमरिलोवरूनच मार्च २०१४ मध्ये टिपलेले फोटो मात्र वेगळ्या दर्जाचे होते. त्यांत रेघेच्या टोकाशी शेपूट नसलेल्या, त्रिकोणी विमानाची आकृतीच दिसत होती. विमानाचा प्रकार ठरवण्याचा पुरावा आकृती हाच. रेघ फक्त ‘तिकडे बघा’ एवढं सांगते.

नभोवाचक

क्षितिजावरच्या रेघांबद्दल राहिलंच. आपल्या दिशेने येणारी सपाट रेघ दृष्टिभ्रमाने सरळ वर चढताना दिसते. मावळतीचा प्रकाश खालून पडला की ती केशरी होते आणि क्षेपणास्त्र सुटल्यासारखी भासते. ८ नोव्हेंबर २०१० ला लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यावर एका वृत्तवाहिनीच्या हेलिकॉप्टरने असंच दृश्य टिपलं आणि क्षेपणास्त्राच्या बातम्या झाल्या. पेंटागॉनने नंतर ती विमानाची कॉन्ट्रेल असल्याचा निर्वाळा दिला.

फरक ओळखायची रीत सोपी आहे: थांबा आणि वेळ मोजा. रॉकेट क्षितिजाजवळून काही मिनिटांत आकाश पार करतं आणि त्याचा धूर वर जाताना पसरत जातो. विमानाचं टोक मिनिटभरात जेमतेम हलतं, कारण ते आपल्याच दिशेने येत असतं. दहा मिनिटं बघत राहिलात तर तीच ‘वर चढणारी’ रेघ डोक्यावर येते.

दुसरा भास काळ्या रेघेचा. विमानाच्या पुढे काळी रेघ दिसली तर ती कॉन्ट्रेलची सावली असते, खालच्या पातळ सिरसच्या थरावर पडलेली. सूर्य, रेघ आणि आपण जवळपास एका प्रतलात असलो की ती रेघेला चिकटून, विमानाच्याही पुढे गेलेली दिसते. तिच्यावरून खाली ढगाचा थर आहे एवढं नक्की कळतं.

मृगजळ

विमान निघून गेलंय, नुसती जुनी रेघ उरलीय. तिच्यावरून काही करता येतं?

वाराफिरे

येतं, पण वाऱ्याचा हिशेब मागे नेऊन. वारा ५० मीटर प्रतिसेकंद असेल तर दहा मिनिटांत रेघ ३० किलोमीटर वाहून जाते. रेघ जिथे दिसते तिथून विमान गेलंच नसेल.

आधी त्या वेळचा वरचा वारा बघा. ३०० हेक्टोपास्कल साधारण ३० हजार फूट, २५० म्हणजे ३४ हजार, २०० म्हणजे ३९ हजार. रेघेचं वय काढा: नुकत्याच गेलेल्या रेघेला दोन सुट्या धारा असतात, एक-दोन मिनिटांनी कडी होतात, पुढे तिची रुंद, मऊ पट्टी होते. वाहण्याचा वेग स्वतः मोजून हे वय पक्कं करता येतं. रेघेतला एखादा ठळक गोळा एका खांबाच्या टोकाशी जुळवा आणि पाच मिनिटांनी तो किती सरकला ते बघा. पाच मिनिटांत ५० मीटरचा वारा गोळ्याला १५ किलोमीटर नेतो, म्हणजे डोक्यावरून निघालेला गोळा पाच मुठींहून जास्त सरकेल. मग रेघेच्या दोन टोकांच्या जागा वाऱ्याच्या उलट दिशेने, वयाइतक्या, मागे सरकवा आणि त्या रेषेवरून त्या वेळी कोण गेलं ते जुन्या नोंदीत शोधा.

वारा रेघेच्या दिशेनेच वाहत असेल तर रेघ स्वतःवरूनच सरकते आणि वयातली चूक लपून जाते. आडव्या वाऱ्यात ही पद्धत चांगली चालते. एकाच हवाईमार्गावरून गेलेल्या विमानांच्या रेघा आडव्या वाऱ्याने एकीशेजारी एक मांडल्या जातात, त्या समांतर रेघा म्हणजे तुमच्या हातात आलेलं वेळापत्रक समजा. दोन रेघांतलं अंतर भागिले वाऱ्याचा आडवा वेग = दोन विमानांतला वेळ.

एकहजारनव्वद

नोंदीत कुणीच जुळत नसेल तर हे तपासा. २९ ते ४१ हजार फुटांच्या पट्ट्यात बऱ्याच जगात पूर्वेकडे तोंड असलेली विमानं विषम हजारांवर उडतात (३३, ३५, ३७) आणि पश्चिमेकडची सम हजारांवर (३२, ३४, ३६). काही देशांत ही विभागणी उत्तर-दक्षिण असते, हे त्या जागेच्या नियमांत बघून घ्या. तुमची मोजलेली उंची आणि दिशा या नियमात बसली तर ते नेहमीच्या वाहतुकीतलं विमान असण्याची शक्यता जास्त, आणि मग चूक बहुधा तुमच्या वेळेत किंवा कोनात आहे. वेळ एक मिनिट, कोन पाच अंश मागे-पुढे करून पुन्हा शोधा.

४१ हजारांच्या वर रेघ निघाली तर ती बिझनेस जेट किंवा लष्करी विमानाची असण्याची शक्यता वाढते. लांबुळक्या अंडाकृती फेऱ्या, दोन-तीन रेघा एकमेकींना चिकटून आणि मग फाटा फुटलेला, हे हवेत इंधन भरण्याचं चित्र. टँकर बरेचदा ट्रान्सपाँडर चालू ठेवतो आणि त्याच्याशी जोडलेली विमानं बंद. त्यामुळे नकाशावर एक आणि आकाशात चार असं दिसू शकतं.

ज्यांना दिसायचं नाही ती विमानं रेघही टाळतात. बी-२ बॉम्बरवर मागे रेघ तयार होतेय का हे लेझरने तपासून वैमानिकाला सांगणारी यंत्रणा बसवली गेली, आणि इशारा आला की वैमानिक उंची बदलतो. तेव्हा ठसठशीत, लांब, सरळ रेघ काढत जाणारं ‘गुप्त’ विमान बघितल्याचा दावा आला तर आधी वेळ, कोन आणि दिशा मागा.

मृगजळ

शेवटची शंका, रात्रीचं काय?

दहापन्नास

चांदण्यात रेघ दिसते, विशेषतः चंद्र रेघेच्या जवळ असेल तर. इंजिनं मोजणं जवळपास अशक्य, पण दिव्यांवरून दिशा पक्की होते: डाव्या पंखाला लाल, उजव्याला हिरवा. दुर्बिणीतून विमानाच्या प्रवासाच्या दिशेला तोंड करून बघितल्यावर लाल डावीकडे दिसला पाहिजे. पांढऱ्या स्ट्रोबचा (लखकन चमकणाऱ्या दिव्याचा) ताल घड्याळाने मोजून नोंदीत लिहा. एअरबसच्या बऱ्याच विमानांत तो जोडीने चमकतो, बोइंगच्या बऱ्याच विमानांत एकेरी. एवढ्यावरून मॉडेल ठरत नाही, पण यादीतल्या दोन उमेदवारांत अडलं असेल तर निर्णय व्हायला मदत होते.